वाघिणीच्या नावावर खाडा

"मॅडम, तुमचा अ‍ॅप खोटा बोलते. मी हार नाई मानली!"

अ‍ॅप वापरणाऱ्यांना भेटायला मी आलापल्लीजवळच्या एका गावात गेले होते, तिथे संगीताने फोन माझ्या नाकापुढे धरला. स्क्रीनवर होतं, 'तुम्ही हार मानली. दिवस ०.' हे वाक्य मीच लिहिलं होतं, तेही मोठ्या कौतुकानं.

मी भद्रावतीची. चंद्रपुरात बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी काम करते. आमचं अ‍ॅप साधं आहे. एक ध्येय ठरवायचं आणि रोज 'झालं' दाबायचं. सलग किती दिवस पाळलं, त्या आकड्याला आम्ही स्ट्रीक म्हणतो. एक दिवस चुकला की स्ट्रीक शून्य. संगीता वनरक्षक भरतीसाठी पहाटे धावत होती, एकेचाळीस दिवस सलग. चाचणी दोन महिन्यांवर होती आणि ती म्हणत होती, असं शून्यच होणार असेल तर आता धावणं सोडतेच.

"बेचाळिसाव्या दिवशी काय झालं?"

"वाघीण होती ना जी रस्त्यावर, पिल्लं घेऊन. वनवाले म्हणाले, उजाडल्याशिवाय निघू नका. उजाडल्यावर मले धान कापाले जा लागते."

"मग संध्याकाळी धावायचं," मी म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली. संध्याकाळी वाघीण काय सुट्टीवर जाते?

तिचे वडील बाजूला विळ्याला धार लावत होते. सागाच्या कूपात, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या तुकड्यात, त्यांनी जन्मभर मजुरी केलेली. हात न थांबवता म्हणाले, "बाई, मजूर आपल्या मनानं घरी बसला त मुकादम खाडा मांडते. वाघानं थांबवलं त 'काम बंद' लिहिते. तो खाडा नसते. तुमच्या अ‍ॅपले एवढंही समजत नाई का?"

नव्हतं समजत. मलाही नव्हतं.

तिथूनच मॅनेजरांना फोन लावला. "सर, तीन बटणं हवीत. झालं, खाडा आणि वाट बंद. वाट बंद असली की आकडा तिथेच थांबेल, शून्य होणार नाही."

"अगं, सगळे वाट बंदच दाबतील. शिस्त काय राहिली मग?"

"सर, तुम्ही पहाटे पाचला इथे धावून दाखवा, मग शिस्तीचं बोलू."

माझी जीभ एक दिवस माझी नोकरी खाणार आहे. पण सर म्हणाले, "एक महिना. फक्त त्या भागात. फसलं तर काढून टाकायचं."

बटणाला दोन दिवस लागले. 'तुम्ही हार मानली' खोडायला अर्धं मिनिट, आणि ते मी आधी केलं. संगीताचे एकेचाळीस दिवस परत चढवले.

महिन्यानं सरांसमोर तिची नोंद उघडली. वाट बंद तीनदा. आणि एक खाडा! आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झालेला. बटण चुकलं असेल म्हणून मी स्पीकरवर फोन लावला.

"हा खाडा काऊन गं?"

"झोपली होती, मॅडम. उठाची इच्छाच नाई झाली."

सर मध्येच म्हणाले, "मग वाट बंद दाबायचं. कोणाला कळलं असतं?"

"वाघीण त त्या दिवशी आलीच नाई ना जी. तिच्यावर काऊन ढकलू?"

सरांनी ती नोंद पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "राहू दे बटण."

धावण्याची चाचणी संगीतानं वेळेच्या आत पार केली. तेव्हापासून स्क्रीनवर कुणाला नापास करण्याआधी मी एवढंच विचारते, वाट उघडी होती का?