चौकशी सिस्टर

"पडली का पाडली?"

हात, डोकं किंवा बरगड्या धरून दवाखान्यात आलेल्या प्रत्येक बाईला आमच्या सिस्टर हा एकच प्रश्न विचारत. ताप किती दिवसांपासून आहे असं विचारावं, तितक्या साध्या आवाजात. विचारून झालं की जखम पुसायला घेत आणि उत्तराची घाई करत नसत. कधी टाके संपेपर्यंत उत्तर यायचं नाही. कधी पट्टी बांधून झालेली बाई दारापर्यंत जायची आणि तिथून परत यायची. गावातली माणसं त्यांना 'चौकशी सिस्टर' म्हणत. हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं.

भातकुलीकडच्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून बंधपत्राच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा पंचविशीची होते, नाशिकहून आलेली. सिस्टरांचा प्रश्न मला उद्धट वाटला. एकदा न राहवून मी म्हटलं, "सिस्टर, हे आपलं काम आहे का? आपण जखमा शिवाव्यात."

त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्याडम, डासाच्या अळ्या पाहाले आपन लोकाइच्या रांजनात डोकावतो. ते आपलं काम हाये. मंग हे काहून नाई?"



त्याच्या आदल्या वर्षी सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं, अमरावतीला तीन दिवस. मारहाण कशी ओळखायची, बाईशी एकटीशी कसं बोलायचं, नोंद कशी करायची. जिल्ह्याच्या दवाखान्यात अशा बायकांसाठी समुपदेशनाची एक खोलीही सुरू झाली होती. बाकीचे कर्मचारी पिशवी आणि प्रमाणपत्र घेऊन परतले. सिस्टर ते सगळं खरं मानून परतल्या. वरून आलेलं मदतीच्या फोन नंबरचं पोस्टर आम्ही दर्शनी भिंतीवर लावलं होतं. त्यांनी ते काढलं आणि बायकांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवलं. "भाईर सासू उभी रायते. कोन वाचन?" एवढंच म्हणाल्या. बाईसोबत नवरा आत आला, की त्याच्या हाती केसपेपर देऊन, "शिक्का रायला भाऊ, मारून आना," म्हणून त्याला पार पलीकडच्या खिडकीवर पाठवत. तिथे रांग असे. तेवढा वेळ त्यांना पुरत असे.

त्यांची चौकशी फक्त मारहाणीपुरती नव्हती. सोयाबीन निघालं की त्या खळ्यांवर जायच्या. थ्रेशरच्या पट्ट्याला झाकण आहे का बघायच्या, बायकांचे पदर कमरेला घट्ट खोचून घ्यायच्या, मोकळ्या वेण्या बांधायला लावायच्या. एका मशीनवाल्याने झाकण घरी राहिलं म्हणून सांगितलं, तर त्या त्याच्या मशीनसमोरच पोत्यावर बसल्या. "जाऊन आन. मी बसून रायली अथीच. टाके आमी घालून देऊ बाप्पा, पन तुटला हात कोन देईन?" तो शिव्या देत गेला आणि पत्रा घेऊन आला. त्या वर्षी त्या खळ्यावर काही झालं नाही. पण न झालेल्या गोष्टीबद्दल कोण कुणाचे आभार मानतं?

मंदा पहिल्यांदा आली ती सुजलेलं मनगट घेऊन. सव्वीस-सत्तावीसची असेल. सोबत नवरा होता, तो शिक्क्याला गेला. सिस्टरांनी विचारलं आणि मनगटाला पट्टी बांधायला घेतली. मग मंदा म्हणाली, "पाडली." सिस्टरांनी तिला अमरावतीच्या त्या समुपदेशनाच्या खोलीबद्दल सांगितलं, तारीख ठरवली, सोबत येते म्हणाल्या. त्या तारखेला मंदा आली नाही. सिस्टरांनी दुसरी तारीख ठरवली. तिच्या लहान पोरीला लस द्यायच्या निमित्ताने त्या तिच्या घरी जाऊ लागल्या.

महिनाभराने मंदा परत आली तेव्हा सिस्टर दुसऱ्या गावात लसीकरणाला गेल्या होत्या. डोक्यावर कानामागे खोक होती. या वेळी नवऱ्याबरोबर त्याचा चुलतभाऊ होता, गावचा सरपंच. दवाखान्याची पाण्याची मोटार त्यानेच पाठपुरावा करून बसवून दिली होती. तो अगदी अदबीने बोलला. "म्याडम, जिन्यावरून पडली बिचारी. उगाच पोलीसबिलीस नका करू. घरची गोष्ट हाये." मारहाणीची शंका आली तर डॉक्टरने पोलिसांना लेखी कळवायचं असतं. मला शंका आली होती. मंदा माझ्याकडे बघत होती, तेही मला आठवतं. मी पाच टाके घातले आणि कागदावर लिहिलं, 'जिन्यावरून पडून'.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर रजिस्टर चाळत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"म्याडम, मंदाच्या घराले जिना नाई. टिनाचं घर हाये तिचं."

त्या ओरडल्या नाहीत. मी म्हटलं, पुढच्या वेळी नीट लिहीन. त्यांनी रजिस्टर मिटलं, छत्री घेतली आणि मंदाच्या घरी गेल्या. दुपारी उन्हातून परतल्या, पाणी प्यायल्या. "आता येत नाई म्हन्ते दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "काय फायदा, म्हन्ते."

पुढची वेळ आली ती तीन आठवड्यांनी. मंदाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं तेव्हा ती गेलेली होती. नवरा सांगत होता, न्हाणीत पाय घसरला. सिस्टरांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली, केसांतली माती पुसली. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पोलिसांना कळवण्याचा कागद मी लिहिला. 

खटला अमरावतीला चालला. मला बोलावणं आलं, सिस्टर सोबत आल्या. नवऱ्याच्या वकिलाने माझाच कागद समोर धरला. "हे अक्षर तुमचं?" मी हो म्हटलं. "म्हणजे मयत आधीही पडली होती. तिला पडण्याची सवय होती." मी म्हटलं, नाही. मी तिला विचारलंच नव्हतं. तिच्या घराला जिना नाही. मी सांगणाऱ्याचं ऐकून लिहिलं. वकील हसला नाही, की आवाज चढवला नाही. "म्हणजे डॉक्टरसाहेब, तुम्ही खोटी नोंद करता. मग मनगटाची तुमची नोंद तरी खरी कशावरून?" मनगटाच्या कागदावर सिस्टरांनी सगळं खरं लिहिलं होतं, पण सही माझी होती. पुढे नवरा सुटला.

साक्षीहून परतताना एसटीत सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या, मी शेजारी. मला रडू आवरत नव्हतं. त्या बाहेर बघतच बोलल्या.

"तुमी एकडाव लिवलं म्याडम. मी वीस वर्सं लिवलं. घसरून पडली, चुलीपाशी भाजली, बैलानं मारलं. जे सांगतलं ते लिवत गेली. थे ट्रेनिंग झालं ना, तवा पयल्या दिवशी जेवली नाई मी. एकेकीचं तोंड दिसे."

त्या प्रश्नामागे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याला आधी उद्धटपणा आणि मग धीटपणा समजत होते.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मी अकोल्यात स्थिरावले. सरकारी दवाखान्यातच आहे. सिस्टर निवृत्त होऊन मुलीकडे अकोल्यालाच आल्या. मी अधूनमधून जायची. त्या खटल्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. "किती आल्या या महिन्यात?" एवढं मात्र विचारत. मी नोंद केलेल्यांचा आकडा ऐकून मान हलवत, आणि चहा टाकायला उठत. शेवटी पोटाचा कर्करोग निघाला. चार महिन्यांत त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मुलीच्या घरासमोरच्या मंडपात होता. बुद्धवंदना झाली, नातेवाईक दोन शब्द बोलले. मागच्या सतरंजीवर काही बायका बसल्या होत्या, एकेकट्या आलेल्या. मुलीने विचारलं तर म्हणाल्या, दवाखान्यातल्या ओळखीच्या. त्याहून जास्त कुणी सांगितलं नाही.

त्यांतली एक म्हातारी जेवणं चालू असताना माझ्याजवळ आली. मी तिला ओळखलं नाही.

"तुमी भातकुलीकडल्या डॉक्टरीनबाई ना? मी मंदाची माय."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं.  तीच बोलत राहिली. नात तिच्याचकडे आहे, बारावीला आहे. सिस्टर दर दिवाळीला यायच्या, पोरीला पुस्तकं आणायच्या. मी मध्येच म्हणाले, "मावशी, ते जिन्याचं... ते मीच लिहिलं होतं."

"ठाव हाये," ती म्हणाली. "कोर्टात वाचलं ना त्याहीनं. मी मांगच बसली होती." तिने पदराने तोंड पुसलं. "मले लय राग होता तुमचा. सिस्टरले म्हटलं मी तसं. तं म्हने, थे बाई आता बराबर लिवते. प्रत्येकीचं लिवते."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लिवता ना?"

"लिहिते," मी म्हटलं.

तिने आणखी काही क्षण पाहिलं. मग पिशवी उचलली, बस निघून जाईल म्हणाली, आणि मंडपातून बाहेर पडली.