सोमवारचं गेळफळ

पिंगळीत मल्लम्माच्या घरी वाळलेली गेळफळं कायम असत. ही सवय माहेरची, झरीची. कुणाचं पोर धोतऱ्याचं बी खाऊन बसलं की बाया आधी तिच्याकडं धावत. ती गेळफळाचा गर पाण्यात कोळून पाजी आणि पोर ओकेपर्यंत त्याचं कपाळ धरून बसे.

त्या सोमवारी तिचा नवराच गोठ्यात कोसळला. चन्नप्पा पंपाचं सामान आणायला म्हणून गंगाखेडला गेला होता. आल्या आल्या तहानेच्या भरात त्यानं फवारणीच्या औषधाची बाटली पाण्याची समजून तोंडाला लावली. त्यांची लेक रुद्राणी शेजारची जीप आणायला पळाली.

"उपाशी पोटी लवकर भिनतंय," म्हणत मल्लम्मानं वाटी त्याच्या ओठाला लावली. "प्या, आवं."

त्यानं दात आवळले. "नगं. दवाखान्यात ने."

"जीप येऊस्तोवर काय बसून ऱ्हाऊ? तोंड उघडा!"

"मल्लम्मा, हात जोडतो. ओकाया लावू नगं."

जीव चाललाय आणि ह्याला कसली लाज! तिनं नाक दाबून पाणी पाजलं, पुढं घमेलं धरलं. सोमवारच्या उपासाच्या पोटातून निघून निघून काय निघणार, पाणीच.

घमेल्यात केशरी बुंदी पडली. मागोमाग भात, वांग्याची भाजी.

आज गंगाखेडात थोरल्या दिराकडं लग्न ठरल्याची सुपारी फुटायची होती. रुद्राणीला पसंत करून गेलेलं स्थळ दिरानं परस्पर फिरवून आपल्या लेकीला, महेश्वरीला लावलं होतं. "त्या घरचं पाणीबी पिणार न्हाई," असं चन्नप्पा गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून बोलला होता. लेकीसमोर.

त्याला पुन्हा उमासा आला. मल्लम्मानं कपाळ धरूनच ठेवलं.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर आधी तिच्यावरच उखडले. "असं ओकवायचं नसतं, बाई! फुफ्फुसात गेलं असतं म्हणजे? थेट इकडं आणायचं." मग चन्नप्पाकडं वळून म्हणाले, "घोटभरच गेलंय, निभावलं. शेवटचं काय खाल्लं होतं?"

"सोमवारचा उपास असतोय, साहेब."

रुद्राणी त्याचे पाय चेपत होती. चन्नप्पानं बायकोकडं बघितलं. लय वर्षांच्या संसारात तो असा बघायचा आणि ती सांभाळून घ्यायची.

"बुंदी खाल्ली त्यांनी," मल्लम्मा म्हणाली. "पोटभर."

रुद्राणीचे हात थांबले.