मामाला आत सोड

चुटकीभाऊंच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांची आई म्हणायची. खुर्चीत बसले तरी एक पाय हलत असतो आणि त्यापायी शेजारच्या टेबलावरचा चहा डुचमळत असतो. काम सांगितलं की "चुटकीसरशी करतो" हे ठरलेलं उत्तर; त्यावरूनच हे नाव. एकच काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की ते कंटाळतात. मग तिथल्या तिथे ते एक छोटीशी स्क्रिप्ट खरडतात. एक शब्द टाइप करायचा. काम संगणक करतो, भाऊ पाय हलवायला मोकळे.

या स्क्रिप्टांना त्यांनी नावं दिली होती नात्यातली. प्रोग्रामभर फिरून चुका काढणारी ती 'आत्या'. इकडेतिकडे पडलेल्या फायली मायेनं गोळा करणारी 'मावशी'. स्वतः काही न करता सगळ्यांना थांबवून ठेवणारा 'जावई'. नकोशांना नाव बघून हाकलणारी 'सासूबाई'. आणि चाचणीसाठी खोटी माणसं घुसवून प्रोग्रामला मामा बनवणारा, तो अर्थातच 'मामा'. त्याच्या प्रत्येक खोट्या माणसाच्या नावात मामा असायचाच: उंच मामा, रुसके मामा, खोकणारे मामा.

त्या सकाळी भाऊंचे दोन्ही पाय हलत होते. त्यांचे खरेखुरे थोरले मामा डोळे दाखवायला यायचे होते. मोठे डॉक्टर त्या दवाखान्यात क्वचितच येत. आजची वेळ हुकली तर पुढची कधी, ते डॉक्टरच जाणे. दवाखान्याच्या नंबरांचा प्रोग्राम भाऊंच्याच कंपनीचा होता, त्यामुळे मामांचा नंबर भाऊंनी स्वतः लावला होता. चुटकीसरशी.

फोन वाजला. बायको.

"अहो, मामा खाली आलेत, पण वॉचमन आत सोडत नाही. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतो."

"दे त्याला!" भाऊ ताडकन उठले.

नेमकं तेव्हाच शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "भाऊ, दवाखान्याची यादी उघडलीय. मामाला सोडू का?"

"अरे सोड ना मामाला! लगेच सोड! किती ताटकळत ठेवणार?"

तिनं सोडलं.

चहा निवायच्या आत दवाखान्यातून फोन. काउंटरवरच्या बाई कडाडल्या, "यादीत मामांची झुंबड उडालीय! हे खोकणारे मामा कोण?"

"तू मामा चाचणीच्या यादीऐवजी खऱ्या यादीत सोडलास?" भाऊंना घाम फुटला.

"तुम्हीच ओरडलात, लगेच सोड!"

"मी वॉचमनला म्हणत होतो!"

"मला काय माहीत, वॉचमननं मामा अडवलाय म्हणून?"

वाद घालायला वेळ नव्हता. भाऊंनी 'सासूबाईं'ना पाचारण केलं: नावात मामा दिसला की बाहेर. यादी लख्ख झाली. भाऊंनी कपाळ पुसलं आणि मुलीकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसलेसुद्धा.

दुपारी खुद्द मामांचा फोन. "काय रे, नंबर लावलास म्हणालास ना? इथल्या बाई म्हणतात, यादीत तुम्ही नाहीच."

भाऊंचा पाय हलायचा थांबला. नंबर लावताना नावाच्या रकान्यात घाईघाईत त्यांनी लिहिलं होतं 'थोरले मामा'. सासूबाईंनी घरचा माणूसही हाकलला होता.

लॅपटॉप बगलेत मारून ते दवाखान्यात धावत सुटले. काउंटरवर लॅपटॉप उघडला, रकाना उघडला आणि बोटं हवेतच राहिली.

"आणि खरं नाव लिहा," बाईंनी बजावलं. "आज आणखी एक मामा मी खपवून घेणार नाही."

भाऊ वळले. घसा खाकरला. "मामा, तुमचं नाव काय हो?"

मामा त्यांच्याकडे पाहतच राहिले. "माझ्या खांद्यावर बसून जग बघितलंस गाढवा, आणि नाव माहीत नाही?"

"कधी लागलंच नाही हो मामा."

मामांनी सांगितलं. भाऊंनी घाईत चुकवलं, खोडलं, परत लिहिलं. "हळू लिही," मामा म्हणाले, "पळून नाही जात मी."

मग दोघं बाकावर बसले. डॉक्टर निघायच्या बेतात आहेत, ही कुजबुज ऐकून भाऊंचा पाय पुन्हा सुरू झाला. नर्सनं दारातून एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं. भाऊ वैतागून म्हणाले, "काय माणसं असतात बघा मामा! नंबर लावतात आणि गायब होतात."

"हो ना," मामा म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी कपाळावर हात मारला आणि हाक दिली, "अहो मामा!"

दोघं एकदम उठले.