सगळ्यांची गरमी किचनच्या खिडकीत

काल दुपारी आमच्याकडे एसीवाला येऊन गेला आणि माझं डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही. तसं आमचं घर डहाणूत, समुद्र हाकेवर... पण हल्ली मे महिन्यात वारा कुठे जाऊन बसतो देव जाणे.

आमचा थोरला, रमेश, रिटायर झाला. म्हणाला, आई, घरभर एसी बसवू. आता नवीन निघालंय म्हणे... बाहेर एकच मोठं मशीन आणि आत चार खोल्यांना चार. प्रत्येकाचा रिमोट वेगळा, ज्याला थंडी वाजेल त्याने आपल्यापुरतं कमी करावं.

मला तर फारच आवडलं. माझ्या खोलीचा रिमोट मी कुणाच्या हाती देणार नाही, हे तेव्हाच सांगून टाकलं.

आता चार खोल्या कुठल्या? हॉल, रमेशची, नातवाची आणि माझी. किचन नाही. एसीवाला म्हणाला तिथे तेल उडतं, मशीन चिकट होतं, लवकर बिघडतं. बरं बाबा, तेही पटलं.

मग तो टेप घेऊन घराच्या मागे गेला. म्हणाला, बाहेरचं मशीन किचनच्या खिडकीबाहेर लावू, पाइप कमी लागेल आणि पुढून घराचा शो बिघडणार नाही. रमेशने लगेच मान डोलावली. मी विचारलं, त्या मशीनमधून निघतं काय रे?

"काही नाही आजी, फक्त आतल्या खोल्यांची गरम हवा."

फक्त म्हणे! चार खोल्यांची गरमी, आणि ती सगळी माझ्या सुनेच्या तोंडावर. मीना गेल्या मे महिन्यात भाकऱ्या भाजता भाजता चक्कर येऊन पडली होती... ते घरात कुणालाच आठवलं नाही. मीना दारात उभी राहून पदराने कपाळ पुसत ऐकत होती. ते तसं दारात उभं राहणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

ती खिडकी कशी आली ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. त्याआधी आमचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या तलासरीकडून बैलगाडीने यायच्या, त्या उभ्या बांधायच्या आणि वर शेणामातीने सारवायचं. भिंत आणि छपराच्या मध्ये हातभर फट असायची, चुलीचा धूर आपला निघून जायचा... कुणाला विचारायला नको.

मग सासऱ्यांची होडी चांगली चालली आणि त्यांनी विटांचं पक्कं घर बांधलं. समुद्राच्या बाजूला ओटी, तिला दोन मोठ्या खिडक्या. पुरुष मंडळी तिथे जाळी विणायला बसायची, म्हणून. मागच्या स्वयंपाकघराला एकही खिडकी नाही. का, तर मांजर शिरेल सुक्या मासळीवर! आम्हा बायकांना विचारलंच नव्हतं.

गावभर पक्क्या घराचं कौतुक, आणि मी आत धुरात. रमेश पोटात होता. खोकून खोकून खाल्लेलं बाहेर यायचं, डोळे सुजायचे. सासूबाईंना आम्ही आय म्हणायचो. आयने सासऱ्यांना सांगून पाहिलं, पोरीला सोसत नाही, एक खिडकी पाडा. सासरे जाळ्यातून मानसुद्धा वर न करता म्हणाले, "होईल सवय."

दोन-चार दिवसांनी नणंदेला बघायला बोर्डीचे पाहुणे आले. ओटीवर बसले, विटा बघतायत, कौलं बघतायत, वाऱ्याची तर किती तारीफ. आयने कोळशाची शेगडी पेटवली, उचलली आणि थेट ओटीवर पाहुण्यांच्या मधोमध आणून ठेवली. दोन्ही खिडक्यांची दारं लावून घेतली. आणि बसली सुके बोंबील भाजायला.

आता आमच्यात पाहुण्याला निखाऱ्यावरचा बोंबील देणं म्हणजे मान. नको कोण म्हणणार? पाहुणे खोकतायत, डोळे पुसतायत आणि बोंबील खातायत... मी आतून बघत होते. वाटलं, झालं, मोडली नणंदेची सोयरीक.

सासरे दात आवळून म्हणाले, हा काय प्रकार आहे. आयने बोंबील उलटला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "होईल सवय."

पाहुण्यांतल्या म्हातारीने आमच्या बिनखिडकीच्या, धुराने भरलेल्या स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की थांबेचना. सोयरीक तर जमलीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मसोलीचा गवंडी छिन्नी-हातोडी घेऊन आमच्या दारात.

ती ही खिडकी! जो पोटात होता म्हणून ती पाडली, तोच आता तिच्यात चार खोल्यांची गरमी सोडायला निघालाय. संतापू नको तर काय करू?

पण मी भांडले नाही हो. हॉलमध्ये खुर्चीवर बसून नुसती हाक मारली, "मीना, सुके बोंबील कुठल्या डब्यात आहेत गं? आणि माळ्यावरची शेगडी काढ."

रमेश ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलाय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग एसीवाल्याला म्हणाला, मशीन गच्चीवर लावा, पाइप लागेल तेवढा लागू दे. तो बिचारा विचारतोय, साहेब, अचानक काय झालं?... काय सांगणार त्याला!

मीना हसू दाबत आली आणि बोंबलाचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, मशीन बसेपर्यंत हा इथेच असू द्या."

ठेवलाय. आय, तुझी खिडकी शाबूत आहे गं.