वाडी पुसू नका

“पुसू नका! हात लावाल तर बघा!”

काका ओरडले तशी करी रोडची कबुतरं उडाली, ती थेट वरळीच्या समुद्रावर जाऊन टेकली. लालबागच्या चाळीतल्या हॉलमध्ये आम्हा हौशी नकाशेवाल्यांची पुढच्या वर्षाचा आराखडा ठरवायची बैठक होती. उपग्रहाच्या फोटोंवरून आम्ही पूरग्रस्त गावांतली घरं रेखतो. बचावाच्या होड्या तो नकाशा बघून निघतात. नव्या फोटोत एका वाडीच्या जागी नुसतं चकाकतं पाणी होतं.

“वाडी गेली, काका. पुसून टाकू, आराखड्यातूनही वगळू,” आमची प्रमुख ताई म्हणाली.

“आणि पुढच्या पुरात होडी जाणार कुठे? तुझ्या मावशीकडे?”

काका एक छप्पर रेखेपर्यंत परळला टॉवर उभा राहतो. डोळे मिटून, टेबलावर दोन बोटांनी चालत ते आधी गावात शिरतात. “इथे गोठा असणार,” असं पुटपुटतात, आणि शपथेवर सांगतो, आम्हाला शेणाचा वास येतो. एकदा गणपतीतला फोटो बघून त्यांनी लालबागचे सगळे मांडव पक्क्या इमारती म्हणून काढले. पुसायला सांगितलं तर म्हणाले, “दहा दिवस का होईना, माणसं होती ना?”

आताही बोटं चालत चालत पाण्याशी थांबली. मग काकांनी फोन काढला. रेखलेल्या प्रत्येक गावातल्या एका तरी दुकानदाराचा नंबर ते मिळवून ठेवतात. बराच वेळ रिंग वाजली. हॉलमधला पंखासुद्धा श्वास रोखून फिरत होता.

“हॅलो! वाडी आहे का हो जागेवर?”

“आहे की. पाणी परवाच उतरलं. काय पाहिजे?”