कडुनिंब सगळ्यांचा, नाव भाऊचं

पिपरी मेघेत आमचा पाच-सात जणांचा गट आहे. रोपं लावतो, नाला साफ करतो, आणि चौकातला जुना कडुनिंब रस्ता रुंदीकरणात जाऊ नये म्हणून भांडतो. या कामात झाडं जगोत न जगोत, किस्से मात्र बिनपाण्याचे वाढतात! आणि प्रत्येक किश्श्यात आमचा शेजारी सुधाकरभाऊ असतोच. माणूस चांगला आहे, तीच तर अडचण आहे.

*

पावसाळ्यात रोपं लावली. खड्डे मी खोदले, हाताला फोड आले. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला, तोही नेमका फोटोवाला आला तेव्हाच. दुसऱ्या दिवशी पेपरात भाऊ, रोप आणि कोपऱ्यात माझं फावडं!

बायको म्हणाली, "फावडं तं चांगलं आलं फोटोत."

*

नाला साफ करताना समोरच्या मावशींनी पोहे आणले, थर्माकोलच्या प्लेटांत. मी थर्माकोलचे तोटे समजावायला लागलो. मावशी चिडल्या. "पोहे खाऊन राह्यला का भाषण देऊन राह्यला?"

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "मावशी, स्टीलच्या द्या, मी धुऊन देतो न." लगेच स्टीलच्या प्लेटा निघाल्या! धुतल्या मी. भाऊला फोन आला होता.

*

होळीच्या आधी मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, झाडं तोडू नका, घरातलं जुनं लाकूड जाळा. होळीच्या सकाळी पाहतो तर आमचं फाटक गायब!

पोरं म्हणाली, "काका, तुमीच तं सांगतलं न!"

भाऊची जुनी लाकडी बाज अंगणातच पडली होती. तिला कोणी हात लावला नाही. काऊन, तर "भाऊले इचारा लागते." फाटक गेल्याचं एवढं नाही, पण हे ऐकून माझं डोकं फिरलं.

*

कडुनिंबासाठी मी रस्त्याच्या कामाच्या ऑफिसात चकरा मारून चपला झिजवल्या. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, "झाड कोणाच्या हद्दीत येते?" भाऊ एकदाच गेला. साहेब त्याचे आर्वीच्या शाळेतले वर्गमित्र निघाले. चहा झाला आणि साहेब स्वतः जागा पाहायला यायला तयार झाले. मी जळून कोळसा झालो, खोटं कशाला बोलू?

*

साहेब आले. टेप लावला. म्हणाले, "झाड वाचते, पण रस्ता समोरच्या बाजूला सरकवावा लागेल. या घराचा ओटा जाईल."

घर भाऊचं! ओटा त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. संध्याकाळी अर्धी कॉलनी त्याच ओट्यावर गप्पा मारायची. मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता कळेल भाऊचं वृक्षप्रेम!

भाऊनं ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि तो घरात गेला. मला वाटलं, आता काही बाहेर येत नाही. तर तो लोखंडी सब्बल घेऊन आला आणि पहिला घाव त्यानंच घातला. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या, पोरं टाळ्या वाजवत होती. पुन्हा भाऊच!

मला राहवेना. साहेब गाडीत बसत होते. मी धावत गेलो.

"साहेब, आमचा जिनाही जरासा रस्त्यात आला वाटते. एकदा टेप लावून पाहा न!"