आणि मग गप

“कोण, कुठला, काय पायजे. आणि मग गप.” उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून उघडायची आणि चौथं ओठांवर ठेवायचं, अशी आबांची रीत. बोलणं म्हणजे एवढंच, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्यासारख्या बडबडीला हे पटणं शक्यच नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आमचं गाव दापोलीपासून आत. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. सारा गाव त्यांना आबाच म्हणायचा. आबांनी देवापुढे उभं राहून मागणं मांडायचं आणि दर वाक्याला मागच्या लोकांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत. लहान मुलाला आई म्हणता येण्याआधी ते म्हणता येतं.

गंमत अशी, की आबा देवाशी जसं बोलायचे तसंच सगळ्यांशी बोलायचे. न्हाव्यासमोर बसले तरी, “मी वरच्या वाडीतला, देवळामागचा. दाढी करायची हाय.” न्हावी त्यांचा चुलतभाऊ.

एकदा आम्ही चारपाच जणं हर्णैच्या बाजारात गेलो होतो. आबा एका कोळणीसमोर उभे राहिले. कोण, कुठला सांगितलं, बांगडे पायजेत म्हणाले आणि गप्प झाले. ती भाव सांगतेय, हे तिच्या डोळ्यांत बघतायत. ती म्हणाली, “परवडत नाय काय?” हे गप्प. “अवो, काय तरी बोला ना.” गप्प. शेवटी तिने वैतागून दोन बांगडे वर टाकले आणि म्हणाली, “घ्या, पण बघू नका तसं.” वाटेत आबा म्हणाले, “बघितलंस? तू असतीस तर बोलून बोलून ते दोन बांगडे परत दिले असतेस.”

तर एका वर्षी माझी धाकटी लेक सातवी पास झाली. पुढची शाळा दापोलीला. एसटी यायची ती खालच्या फाट्यापर्यंत, तिथून घाटी चढून रानातून गाव. संध्याकाळी पोरींना एकटं कोण पाठवणार? आमच्या गावात सातवीनंतर मुली घरीच बसायच्या. थोरली बसली होती. धाकटीचं दप्तर मी खुंटीवरून काढलं नव्हतं, एवढंच.

गाडी देवळापर्यंत आणा, असा अर्ज झाला आणि रस्ता बघायला एसटीचे साहेब येणार असं कळलं. पुरुषमाणसं बरीचशी मुंबईला. महिला मंडळाची अध्यक्ष मी, कारण दुसरी कोणी तयार झाली नव्हती. तेव्हा बोलायचं मीच ठरलं. गुरुजींनी मला भाषण लिहून दिलं. ते पाठ करून मी आबांना ऐकवायला गेले.

“आदरणीय व्यासपीठ,” मी सुरू केलं.

“व्यासपीठ कोण?”

“म्हणजे ते समोरचं टेबल, आबा.”

“टेबलाकडे गाडी हाय काय? मग त्याला कशाला विचारतंस?”

आबांनी मला गोठ्यात नेलं आणि म्हशीसमोर उभं केलं. “हिने मान वर करीपर्यंत आवाज काढ. ओरडायचं नाय. ओरडलंस तर लाथ मारील.” दोन दिवस म्हैस वैरण खातच राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मान वर केली. आबा म्हणाले, “आता हिच्या डोळ्यात बघून सांग. देवाचे डोळे चांदीचे, तरी मी डोळ्यातच बघतंय.” शेजारची काकी कुंपणावरून म्हणाली, “काय गो, म्हशीला गाडी हवीय काय?” तिला उत्तर द्यायला मी वळले तर आबांचं चौथं बोट ओठांवर.

साहेब आले. घाटावरचे होते, फार सभ्य माणूस. शाळेत सगळं गाव जमलं. मी उभी राहिले, साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, मी खालच्या वाडीतली, महिला मंडळाची.”

मागून सारा गाव म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

आता लोकांचा तरी काय दोष? शिकवणी आबांची, तेव्हा चालही आबांचीच लागली होती. साहेब दचकले. मी तशीच पुढे गेले. “आमची गाडी फाट्यावर थांबते. घाटी चढून यावं लागतं.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी दारात उभा असलेला साहेबांचा ड्रायव्हरही हात जोडून म्हणाला. तो गुहागरकडचा होता.

“आमच्या पोरी सातवीनंतर घरी बसतात. गाडी देवळापर्यंत यायला पाहिजे.”

“व्हय म्हाराजा,” असं म्हणणाऱ्यांत साहेबही होते. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं.

माझ्या तोंडात अजून पंधरा वाक्यं वळवळत होती. कोपऱ्यातून आबांचं बोट दिसत होतं. एक कोंबडी वर्गात आली, टेबलाखालून गेली, बाहेर पडली. साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, “वळणावर रस्ता अरुंद आहे. तेवढा रुंद करून द्याल?”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

म्हणून बसला हो. त्या मे महिन्यात मुंबईहून आंबे खायला आलेल्या आमच्या चाकरमान्यांच्या हातात पहारी-फावडी आली. “व्हय कोण म्हणालं?” विचारत विचारत त्यांनी कातळ फोडला. आबांनी तिकडे देवळात नारळ ठेवला आणि देवाला म्हणाले, “तुझं बोलणं जरा उसनं नेलं होतं. परत आणलंय.”

शाळा उघडली आणि गाडी आली. वळणावर ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. देवळाच्या पारावर बसलेले आबा त्या हॉर्नला रोज न चुकता म्हणायचे, “व्हय म्हाराजा.” मगच ड्रायव्हर गाडी वळवायचा.

धाकटी दहावीत होती तेव्हा, शिमग्याच्या आधी, आबा गेले. त्यानंतर पहिल्यांदाच मी दापोलीहून संध्याकाळच्या गाडीने येत होते. धाकटी शेजारी, दप्तर मांडीवर. वळण आलं, हॉर्न वाजला. पार रिकामा. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता थांबला. गाडी पुढे जाईना.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

गाडी वळली. धाकटीने माझ्याकडे बघितलं, मी आता आबांचं काही सांगणार म्हणून वाट बघत राहिली. मी गप.